रिकाम्या गॅलरीसमोरचा फुटबॉल : आवाज चालू ठेवता की बंद?

पेठेतला | २१ एप्रिल २०२१

काल एकाच रात्री दोन गोष्टी पाहिल्या.

पहिली फातोर्ड्याची. एफसी गोवा विरुद्ध इराणचा पर्सेपोलिस. चौदाव्या मिनिटाला ब्रँडनने टाकलेल्या बॉलवर एडू बेदियाचा हेडर, गोल! आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत भारतीय क्लबचा हा पहिलावहिला गोल. पाठोपाठ दोन खाल्ले आणि १-२ हरलो, ते सोडा. पण गोल झाला तेव्हा स्टेडियममध्ये कोण होतं? बदली खेळाडू, डॉक्टर आणि बॉल उचलून देणारी चार पोरं.

दुसरी लंडनची. बड्या क्लबांची वेगळी युरोपियन सुपर लीग नको म्हणून चेल्सीचे लोक स्टॅमफर्ड ब्रिजबाहेर रस्त्यावर बसले, टीमची बस अडवली. त्यांचा जुना गोलकीपर पीटर चेक बिचारा खाली उतरून विनवण्या करत होता. रात्र सरेपर्यंत त्यात सामील झालेल्या सहाच्या सहा इंग्लिश क्लबांनी शेपूट घातली. जवळपास वर्षभर ज्यांना स्टेडियममध्ये पाऊल ठेवू दिलं नाही, त्यांनी बाहेर उभं राहून हे केलं.

मी मूळचा कोल्हापूरचा, मंगळवार पेठ. सध्या पुण्यात, घरून काम. टीव्हीवर फुटबॉल मुबलक आहे, पूर्वीपेक्षा जास्तच. तरी पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लब या कोल्हापूरच्या दोन संघांच्या मॅचचा दिवस काही केल्या डोक्यातून जात नाही. जेवण झाल्यावर कामात कोणाचंच लक्ष नसायचं. चारच्या मॅचला दोनलाच शाहू स्टेडियम गाठायचं, नाहीतर आपल्या पायरीवर दुसऱ्या पेठेतला बसलेला. मागे एक म्हातारबाबा, ज्यांना प्रत्येक खेळाडूचा बापही कसा खेळायचा ते ठाऊक. मॅच दीड तासाची आणि तिच्यावरचं भांडण कट्ट्यावर रात्री अकरापर्यंत. गेल्या वर्षी मार्चमध्ये हे सगळं थांबलं ते थांबलंच.

तर प्रश्न दोन. टीव्हीवर जो रेकॉर्ड केलेल्या गर्दीचा आवाज लावतात, तो तुम्ही चालू ठेवता की बंद? आणि मॅचच्या दिवसातलं नेमकं काय तुम्हाला आठवतं? "वातावरण" असं मोघम उत्तर चालणार नाही.

---

कॉप_डोंबिवली

चालू. बंद केला की हायस्कूलच्या मैदानावरची प्रॅक्टिस बघितल्यासारखं वाटतं. मॅनेजरच्या शिव्या मात्र स्वच्छ ऐकू येतात.

बाकी माझं दुःख तुम्हा कोणाला कळणार नाही. तीस वर्षांनी लिव्हरपूल लीग जिंकली ती कधी? २५ जून २०२०ला, तीही स्वतः न खेळता, चेल्सीने मँचेस्टर सिटीला हरवलं म्हणून. आपल्याकडे रात्रीचे अडीच वाजून गेलेले. मी एकटा हॉलमध्ये. ओरडलो. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा : "रात्री कोणाकडे काय झालं?" सेक्रेटरींनी आमच्या मजल्यावर औषधाची फवारणीच करून घेतली.

---

लाल_सैतान

तीस वर्षं वाट पाहिली आणि ट्रॉफी उचलताना तुमच्या कॉप स्टँडमध्ये टाळ्या वाजवायला चिटपाखरू नाही. देव आहे.

---

कॉप_डोंबिवली

@लाल_सैतान, तुम्हा मँचेस्टर युनायटेडवाल्यांकडे उचलायला काही असतं तर आम्ही येऊन वाजवल्या असत्या.

---

फातोर्डेकर

पेठेतला, तुम्ही गोव्याचं नाव घेतलंत म्हणून लिहितो. मी मडगावचा, स्टेडियम घरापासून चालत जाण्याइतकं. संध्याकाळी फ्लडलाइट लागले की आमच्या गच्चीवरून दिसतात. गेल्या नोव्हेंबरपासून अख्खी आयएसएल (इंडियन सुपर लीग) गोव्यातच चालली : फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. देशभरचे क्लब आमच्या हॉटेलांत राहिले, आमच्या मैदानांवर खेळले, आणि आम्हीच बाहेर. लग्नघर आपलं, मांडव आपला आणि जेवण शेजारच्या गावाला, असला प्रकार.

चॅम्पियन्स लीगचं तर काय सांगू! १४ तारखेला कतारचा अल रय्यान आला होता. लोरां ब्लांक त्यांचा कोच, १९९८च्या विश्वविजेत्या फ्रान्सच्या संघातला. तो माणूस आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर उभा होता आणि मी फोनवर बघतोय. ०-० सुटली. धीरज सिंगने काय काय अडवलं! फातोर्डा भरलेलं असतं तर आम्ही त्याला खांद्यावरून घरी नेला असता.

पण खरं सांगू? मला सगळ्यात जास्त काय चुकलं असेल तर लोबेराला तोंडावर शिव्या घालणं. आमचा कोच, इथून मुंबई सिटीला गेला, बुमूस, जाहू, फॉल यांनाही घेऊन. मग सेमीफायनलला आमच्याच समोर! बांबोळीला पेनल्टीवर ६-५ने गेलो. असल्या मॅचला प्रेक्षक नसणं हा आमच्यावर अन्याय आणि त्याच्यावर उपकार.

आवाज : बंद. तो आवाज आमचा नाहीच. आमच्याकडे ब्रास बँड असतो.

---

अंधेरी_पश्चिम

फातोर्डेकर, तुमच्या जखमेवर मीठ नाही चोळत, पण आमची पहिली आयएसएल ट्रॉफीही तुमच्याच अंगणात. १३ मार्च, शेवटच्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल, मोहन बागानला २-१. साखळीत अव्वल आल्याची लीग शील्डही आमचीच. इतकी वर्षं अंधेरीच्या स्टँडमध्ये बसून मार खाल्ला, घामाघूम झालो, पुढच्या मोसमाची वाट बघितली. जिंकलो तेव्हा मी मास्क लावून मेडिकलच्या रांगेत उभा, हातात फोन. मागच्या काकांना सांगितलं, "मुंबई जिंकली." ते म्हणाले, "आयपीएल सुरू झाली का?"

---

रविवारची_मिसळ

अंधेरी_पश्चिम, हहपुवा (हसून हसून पुरेवाट)!

---

हावड्याचा_पाहुणा

बँकेच्या बदलीमुळे तीन वर्षं कोलकात्यात आहे. १५ मार्च २०२०ची मोठी मॅच, मोहन बागान-ईस्ट बंगाल, सॉल्ट लेकला. तिकीट खिशात होतं. रद्द झाली. त्यानंतरची मॅच २७ नोव्हेंबरला वास्कोला, आयएसएलमधली पहिलीवहिली कोलकाता डर्बी, तीही रिकाम्या टिळक मैदानात. मोहन बागान २-०.

इथे जिंकलेल्या बाजूच्या घरात मासा येतो, ईस्ट बंगालवाल्यांकडे इलिश, बागानवाल्यांकडे कोळंबी. त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या मासेवाल्याने सकाळीच दोन्ही मांडून ठेवले होते आणि संध्याकाळी सगळी कोळंबी संपली. म्हणजे मॅच दोन हजार किलोमीटरवर होती, पण मॅचचा दिवस इथे थोडाफार तरी शिल्लक होता. टीव्हीवर आवाज चालू होता की बंद ते आठवत नाही, कारण आमच्या चाळीतलेच लोक इतके ओरडत होते.

---

साधासरळ

लोकांना ऑक्सिजन मिळेना, बेड मिळेना, आणि इथे गर्दीचा आवाज चालू की बंद यावर परिसंवाद. धन्य आहे.

---

डॉ_रात्रपाळी

साधासरळ, मी कोविड वॉर्डातून सकाळी खाली उतरते. उतरल्यावर मला पुन्हा ऑक्सिजनबद्दल वाचायचं नसतं. हा धागा चालू ठेवा, कृपया. आणि कोणीतरी प्रॅक्टिसवाला येऊन पेठेतल्याला उत्तर द्या.

---

ढगेवाडीचा_गोली

आलो, आलो. प्रॅक्टिसवाला नाही, पण कोल्हापूरचाच, आणि खेळणारा. शीनियर टीमचं नाव सांगत न्हाई, नाहीतर इथंबी हाणामारी व्हायची.

भावांनो, तुम्ही सगळे बघणाऱ्याच्या बाजूनं बोलायलाय. आमचं ऐका जरा. गोलपोस्टच्या मागं पब्लिक असलं की पहिली पंधरा मिनिटं पाय लटपटतात. मग एकदा बॉल अंगावर घेतला की कान बंद हुतात. आपलाच बॅक काय ओरडतोय ते कळत न्हाई, हातवारे बघून खेळायचं. मधे आम्ही पोरंपोरं सकाळी प्रॅक्टिस मॅच खेळलो. सगळं ऐकू येतंय! कोच काय म्हणतोय, समोरचा फॉरवर्ड मनातल्या मनात काय पुटपुटतोय, सगळं. खेळ सुधारला म्हणशीला तर पासिंग सुधारलं खरंच. पण पंचाऐंशीव्या मिनिटाला पोटात गोळा आलेला असताना जे पळणं हुतंय, ते काय हुईना. कुणासाठी पळायचं?

आणि पैशाचं पण बोला की. सीझन न्हाई म्हणजे बक्षीस न्हाई, मानधन न्हाई. आमच्यातला एकजण आता गॅस सिलेंडर पोचवतोय. गॅलरीत शेंगा-फुटाणे विकणारे मामा भाजीची गाडी ढकलायलेत. त्येंनी मला ओळखलं, वर चार मिरच्या जास्त घातल्या.

---

निशिगंधा_को

मीही कोल्हापूरची, म्हणून राहवत नाही.

तुम्ही सगळे जे हरवलं म्हणताय, ते माझ्याकडे कधी नव्हतंच. आमचं घर स्टेडियमपासून जवळ. लहानपणापासून आरोळ्या घरात ऐकू यायच्या. आरोळीच्या लांबीवरून मला कळायचं, गोल झाला की बॉल बारवर लागला. बाबा आणि दोघे भाऊ जायचे. मी एकदा हट्ट केला तर "तिथलं बोलणं बायकांनी ऐकण्यासारखं नसतं" असं उत्तर मिळालं. मग मी लोकल केबलवर मॅच बघायची आणि रात्री त्यांनी सांगितलेल्या हकिकतीतल्या चुका काढायची.

लॉकडाऊनमध्ये बाबांना घरी बसून जर्मनीची बुंडेसलिगा बघावी लागली, माझ्याशेजारी. दुसऱ्या आठवड्यात मला म्हणाले, "हा ऑफसाइड कसा काय?" मी समजावून सांगितलं. तेव्हापासून ते आधी माझ्याकडे बघतात आणि मग रेफ्रीला शिव्या देतात.

तर मला गॅलरी आठवत नाही. उलट ती पुन्हा सुरू झाली की बाबा तिकडे जातील आणि मी परत केबलवर, हेच डोक्यात येतं. आणि दगडफेक, हुल्लडबाजी, पोलिसांनी मॅच थांबवणं हे कोणीच लिहिलं नाही अजून. तेही मॅचच्या दिवसातलंच ना?

---

पेठेतला

निशिगंधा, हुल्लडबाजीचं बरोबर आहे. एका पेठेच्या पोराने दुसऱ्या पेठेवर बाटली फेकली की पुढचे दोन दिवस दोन्हीकडच्या आया काळजीत असतात. पण त्यावर उपाय म्हणून रिकामी गॅलरी मला मान्य नाही. महिलांसाठी वेगळी गॅलरी केली तर?

---

निशिगंधा_को

वेगळी नको. हीच पाहिजे, शिव्या जरा कमी करून.

---

लाल_सैतान

शिव्यांशिवाय गॅलरी म्हणजे कीर्तन.

---

निशिगंधा_को

कीर्तनाला तुमच्या टीमपेक्षा जास्त गर्दी असते.

---

डॉ_रात्रपाळी

याच्यासाठीच म्हटलं धागा चालू ठेवा.

---

ड्युसेलडॉर्फकर

उशिरा आलो. जर्मनीत या सगळ्याची सुरुवात आमच्या शेजारी झाली. ११ मार्च २०२०, म्योन्शनग्लाडबाख विरुद्ध कोलोन. बुंडेसलिगाच्या इतिहासातला प्रेक्षकांविना झालेला पहिला सामना. तरी लोक स्टेडियमबाहेर जमलेच, आणि जिंकल्यावर खेळाडू त्यांच्याकडे गेले. आता वाचताना अंगावर काटा येतो, त्या वेळी कोणाला काही वाटलं नाही.

मेमध्ये लीग परत सुरू झाली तेव्हा ग्लाडबाखने १९ युरोत पुठ्ठ्याचा पुतळा करून द्यायला सुरुवात केली. तुमचा फोटो, तुमच्या उंचीचा, स्टँडमध्ये उभा. माझ्या ऑफिसातल्या एकाने स्वतःचा नाही, वारलेल्या आजोबांचा लावला. ते आयुष्यभर त्याच स्टँडमध्ये उभे राहायचे म्हणे. दुसरीकडे कट्टर चाहत्यांचे गट म्हणत होते, आमच्याशिवाय खेळूच नका, हा सगळा टीव्हीच्या पैशांसाठी चाललेला तमाशा आहे. दोन्ही बाजू पटतात, हीच पंचाईत.

डॉर्टमुंडने पहिल्याच दिवशी शाल्केला ४-० हाणलं आणि सगळे खेळाडू रांगेत दक्षिणेकडच्या स्टँडपुढे जाऊन नाचले. पंचवीस हजार माणसं उभी राहतात तिथे, त्या दिवशी नुसतं काँक्रीट.

जाता जाता, पुतळ्यांत कोरियावाले सगळ्यांच्या पुढे. एफसी सोलने स्टँडमध्ये बाहुल्या बसवल्या आणि नंतर कळलं की त्या भलत्याच दुकानातल्या होत्या, मोठ्यांच्या. क्लबला दंड झाला.

---

कॉप_डोंबिवली

त्या बाहुल्याही युनायटेडची मॅच बघून उठून गेल्या असत्या.

---

लेस्टरवासी

मी लेस्टरला आठ वर्षं आहे. आमच्या शहरावर इंग्लंडमधला पहिला स्थानिक लॉकडाऊन लागला, गेल्या जूनच्या अखेरीस. बाकी देश पबमध्ये जायची तयारी करत होता तेव्हा आम्ही घरात.

मागच्या रविवारी आमची एफए कपची सेमीफायनल होती, वेम्बलीला. प्रयोग म्हणून चार हजार लोकांना आत सोडलं. कोणाला? स्टेडियमच्या आसपासच्या रहिवाशांना! ना आमचे, ना साउदॅम्प्टनचे. सरकारला चाचण्या घेऊन बघायचं होतं. आम्ही जिंकलो, इहेनाचोच्या गोलने. आणि टाळ्या वाजवायला कोण, तर ज्यांना एरवी आमच्या गर्दीचा त्रास होतो ते शेजारी.

आता फायनल. चार वेळा हरलेलो आहोत फायनलला, शेवटची १९६९ साली. तिकिटासाठी अर्ज केलाय.

आवाज : चालू. बायको म्हणते, बंद केला की तू जास्त ओरडतोस.

---

साधासरळ

मघाशी चिडून लिहिलं होतं, मत तेच आहे. पण चार मिरच्यांचं वाचून थांबलो. पेठेतला, त्या गाडीवाल्या मामांसारख्या लोकांसाठी तुमच्या तालमी काही करतायत का? हा प्रश्न सरळ आहे, टोमणा नाही.

---

ढगेवाडीचा_गोली

करतायत. तालमी म्हणजे नुसता फुटबॉल न्हाई हो. २०१९च्या पुरात पण हीच पोरं होती बोटीत. आत्ता डबे पोचवतायत पेशंटच्या नातेवाइकांना. दोन पेठांची पोरं एका टेम्पोत बघायची असतील तर या आत्ता कोल्हापुरात. मैदानावर भेटल्यावर परत बघून घेऊ म्हणतात एकमेकांना.

---

लेस्टरवासी | १६ मे २०२१

धागा वर काढतोय. तिकीट मिळालं नाही. पण जिंकलो!! तीलमन्सने तीस यार्डांवरून मारलेला गोल बघा, शंभर वेळा बघा. या वेळी वेम्बलीत वीस हजारांच्या आसपास लोक होते, त्यांत दोन्ही क्लबांचे खरे चाहते. शेवटी चिलवेलचा गोल झाला असं वाटलं, चेल्सीवाले उसळले, मग व्हीएआरने (व्हिडिओ बघणाऱ्या रेफ्रीने) ऑफसाइड दिला आणि आमचा कोपरा फुटला. वर्षभराने खरा आवाज ऐकला. मुख्य म्हणजे तो वाकडातिकडा असतो. टीव्हीवाल्यांचा आवाज गोल झाल्यावर वाढतो. खरा आवाज बॉल पायातून सुटायच्या आधीच वाढतो.

---

फातोर्डेकर

अभिनंदन! ते शेवटचं वाक्य पटलं.

---

लेस्टरवासी | २४ मे २०२१

काल स्वतः गेलो! आमच्या किंग पॉवर स्टेडियमला आठ हजारांची परवानगी होती, नशिबाने नाव लागलं. दोन खुर्च्या सोडून बसायचं, मास्क लावायचा, आरडाओरडा शक्यतो टाळायचा (!). आम्ही टॉटनहॅमकडून ४-२ हरलो आणि चॅम्पियन्स लीगची जागा घालवली. शेजारची दोन खुर्च्यांपलीकडची बाई शेवटची पंधरा मिनिटं माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होती, मीही हलवत होतो.

---

आकडेमोड

हंगाम संपला म्हणून आता आकडा देतो. प्रीमियर लीगच्या या मोसमात ३८० सामन्यांपैकी घरच्या संघाने जिंकले १४४, पाहुण्यांनी १५३. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीच्या इतिहासात पाहुणे पुढे जाण्याची ही पहिलीच वेळ. लिव्हरपूल घरच्या ॲनफील्डवर ६८ लीग सामने अजिंक्य होते, आणि मग तिथेच लागोपाठ सहा हरले.

कारण एकच नसावं. वेळापत्रक दाटीचं होतं, दुखापती होत्या. पण रिकाम्या मैदानांवरच्या अभ्यासांत असंही दिसलं की पाहुण्या संघाला मिळणारी पिवळी कार्डं कमी झाली. म्हणजे गर्दी गोलीच्या पायांइतकीच रेफ्रीच्या हातावरही काम करते. पेठेतल्याच्या मागच्या म्हातारबाबांना हे आधीपासून माहीत असणार.

---

पेठेतला

माहीत होतंच. त्यांचा सगळा खेळच रेफ्रीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात असायचा.

पण आकडेमोड, कोल्हापुरात हा हिशेब लागत नाही. सगळ्यांचं मैदान एकच, सगळेच यजमान. तिथे प्रश्न एवढाच, कुठल्या पेठेचे जास्त लोक दोनला येऊन बसले.

---

निशिगंधा_को

आमच्या घरची घडामोड : बाबांनी स्वतःहून विचारलं, मोसम सुरू झाला तर येशील का. मी विचार करून सांगते म्हणाले. भाऊ म्हणतो, हिला नेलं तर आम्हाला बोलता येणार नाही. मी म्हटलं, तू कुठे काय बोलतोस, ओरडतोस.

---

कॉप_डोंबिवली | २७ मे २०२१

काल ग्दान्स्कला युरोपा लीगची फायनल, युनायटेड विरुद्ध व्हियारियल, साडेनऊ हजार प्रेक्षक. पेनल्टी अकरा-दहा. शेवटची कोणी घालवली? डे हेया, म्हणजे युनायटेडच्या गोलकीपरने. @लाल_सैतान, तुमचा आवाज चालू होता की बंद?

---

लाल_सैतान

टीव्हीच बंद होता.

---

अंधेरी_पश्चिम

युरो कपचा वेगळा धागा कोण काढतंय? ११ जूनला सुरू. बुडापेस्टला पूर्ण स्टेडियम भरणार आहेत म्हणे, बाकी ठिकाणी थोडे थोडे.

---

ड्युसेलडॉर्फकर

मी काढतो. म्युनिकच्या तिकिटांचं काय होतंय तेही तिथेच लिहीन. इंग्लंडवाल्यांनी पेनल्टीबद्दलचं रडगाणं आधीच टाइप करून ठेवा, वेळ वाचेल.